सारस जोडीचे फोटो: इंदूरच्या शिवारात कुठे थांबायचं, काय बघायचं, कॅमेरा कसा लावायचा

सारसाचे बरेचसे फोटो बिघडतात ते फोटोग्राफर फार जवळ गेल्यामुळे. पक्षी मान ताठ करून थेट कॅमेऱ्याकडे बघत उभे, नाहीतर पाठ फिरवून चालू लागलेले, नाहीतर उडून जाताना मागून टिपलेले. फोटो चोख असतो, रंग छान असतात, पण त्यातले दोन्ही पक्षी घाबरलेले दिसतात. जोडीचं आपसातलं जे काही चाललेलं असतं, ते आपण गाडीतून उतरलो तेव्हाच थांबलेलं असतं. लांब राहूनही सारसांचे उत्तम फोटो निघतात, किंबहुना लांबूनच निघतात, ही गोष्ट पटली की बाकीचं सगळं सोपं होतं. म्हणून सुरुवात अंतरापासून करू.

अंतराचं गणित

उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस जगात सर्वांत उंच. मान उंचावून उभा राहिला की माणसाच्या उंचीचा वाटतो, आणि पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात-आठ फूट भरतात. शिंजिर किंवा धोबी असे छोटे पक्षी टिपताना पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसावा म्हणून जी धडपड करावी लागते, ती इथे मुळात लागतच नाही.

मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्स लावून १०० मीटरवर रोखली, तर फ्रेममध्ये सुमारे सात मीटर रुंद आणि पावणेपाच मीटर उंच एवढा भाग मावतो. उभा सारस त्यात एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त उंची घेतो. शेजारी जोडीदार, पायाखालचं पाणी, पाण्यातलं प्रतिबिंब, वर थोडं आकाश, सगळं नीट बसतं. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर तेवढ्याच अंतरावरून रुंदी पावणेपाच मीटरच्या आसपास येते आणि पक्षी अर्धी फ्रेम व्यापतो. आता कल्पना करा, तुम्ही ३० मीटरवर पोचलात आणि नेमके दोघांनी पंख पसरले. पंख फ्रेमबाहेर जाणार, हे ठरलेलंच.

दुसरा फायदा फोकसचा. जोडीत एक पक्षी पुढे, एक दोन पावलं मागे असं कायम असतं. ५०० मिमीवर अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/६.३ ठेवून ३० मीटरवर फोकस केला तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम सव्वा-दीड मीटर मिळते. १०० मीटरवर तीच दहा-पंधरा मीटर होते. म्हणजे दोघंही स्पष्ट यावेत म्हणून अपर्चर एफ/११ पर्यंत बंद करायचं कारण उरत नाही. ते उघडंच ठेवा आणि वाचलेला उजेड शटरच्या वेगासाठी वापरा.

१०० मीटर ही लक्ष्मणरेषा नाही. रोज ट्रॅक्टर आणि माणसं बघणारी जोडी गाडीला ६० मीटरवरही खपवून घेते, तर एखादी जोडी दीडशे मीटरवरूनच मान वर करते. अंतर किती ठेवायचं हे सारसच सांगतात. ते कसं ओळखायचं, ते पुढे येईलच.

कुठे आणि कोणत्या महिन्यात

गांधीनगरवरून हातोदच्या रस्त्याला लागलं की इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर गंभीर नदीवरचा यशवंत सागर आहे. होळकरांच्या काळातलं हे धरण आजही शहराला पाणी पुरवतं. २०२२ मध्ये यशवंत सागर आणि शहराच्या कडेचा सिरपूर तलाव, दोन्ही रामसर करारातल्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेले. मध्य भारतात सारस टिकून असलेलं महत्त्वाचं ठिकाण म्हणून यशवंत सागरचं नाव तिथे नोंदलेलं आहे. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ असं आपल्याकडे म्हणतात. सारसाला नेमकं हेच दोन्ही लागतं, शेत आणि उथळ पाणी, एकमेकांना लागून.

त्यामुळे धरणाच्या भिंतीवर उभं राहून दुर्बीण फिरवण्यात अर्थ नाही. खोल पाण्यात सारसाचं काही काम नसतं. फुगवट्याचं पाणी जिथे पसरट होत शेतात शिरतं, जिथे गुडघाभर पाण्यात लव्हाळं आणि बेशरमची झुडपं उगवलेली असतात, तिथल्या कडा बघा. पाणी दिलेला गव्हाचा पट्टा, नांगरून ओलं ठेवलेलं शेत, कालव्याच्या पाझराने झालेलं डबकं, अशा जागीही जोडी उतरते.

सारस थंडीत स्थलांतर करून येणारा पाहुणा नाही, तो इथलाच आहे. पण वर्षभर त्याचं वागणं एकसारखं नसतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माझ्या मते शिकण्यासाठी सर्वांत चांगला काळ. गहू हिरवा आणि बुटका असतो, सकाळी धुकं असतं, उजेड बराच वेळ मऊ राहतो. याच दिवसांत जोडीबरोबर पिल्लू दिसू शकतं. उंचीने मोठं झालेलं असलं तरी त्याचं डोकं लाल नसतं, दालचिनीच्या रंगाचं, पिसांनी झाकलेलं असतं. मार्चपासून पाणी आटत जातं तसे सारस उरलेल्या पाण्याभोवती एकत्र येतात. मग थव्यातून जोडी वेगळी काढणं अवघड होतं, पण एका जागी पुष्कळ वागणूक बघायला मिळते. जूनच्या अखेरीस पहिले मोठे पाऊस झाले की नाच वाढतो, आणि जुलैपासून विणीचा काळ सुरू होतो. त्या दिवसांबद्दल मी शेवटी वेगळं लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय पावसाळ्यात कॅमेरा घेऊन जाऊ नका.

हिवाळ्यात काळे-राखाडी क्रौंच आणि कांड्या करकोचेही माळव्यात उतरतात. ते सारसापेक्षा लहान असतात आणि दोघांनाही सारसासारखं लालभडक डोकं-मान नसते. लांबून राखी बगळ्याने फसायला होतं. त्याला उडू द्या: बगळा मान मुडपून उडतो, सारस मान आणि पाय दोन्ही सरळ ताणून.

आधी कॅमेऱ्याशिवाय जा

पहिल्या फेऱ्या फक्त दुर्बिणीने करा. चांगल्या अधिवासातली जोडी आपला इलाका धरून राहते, त्याच चार-सहा शेतांमध्ये आणि त्याच पाण्यावर परत परत दिसते. म्हणून पाच ठिकाणच्या पाच जोड्यांमागे धावण्यापेक्षा एकच जोडी निवडून तिचा दिनक्रम लिहून काढा: रात्री कोणत्या पाण्यात उभी असते, उजाडल्यावर कोणत्या बाजूला चालत निघते, ऊन चढल्यावर कुठे जाते. सूर्य कुठून येतो आणि मागे काय दिसतं, हेही त्याच वहीत लिहा. विजेचे खांब, पत्र्याची शेड, निळा पाण्याचा टँक हे सगळं ६०० मिमीच्या लेन्समधून पक्ष्याच्या अगदी पाठीला चिकटून दिसतं.

आणि शेतकऱ्याशी बोला. जमीन त्याची आहे. गाडी बांधाजवळ लावण्याआधी ‘राम राम दादा’ म्हणून उतरायचं, कशासाठी आलो ते सांगायचं, लेन्समधून त्याला त्याचंच शेत दाखवायचं. ‘जोड़ा तो रोज सुबह इसी मेड़ के पास उतरता है, पानी छोड़ूँगा तो और पास आएगा,’ असं एका वाक्यात जे कळतं ते कोणत्याही नकाशात मिळत नाही. गव्हाला पाणी कोणत्या दिवशी सोडणार, हे विचारून ठेवा. ओल्या मातीतून किडे वर येतात आणि सारस त्या दिवशी तिथे हमखास रेंगाळतात. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, पाण्याची नळी तुडवायची नाही, हे सांगायला नको.

हात बसलेला नसेल तर सराव सिरपूरला करा. हा तलाव वाचवण्यासाठी पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं खपले. तिथे बगळे, चित्रबलाक, पाणकावळे माणसांना सरावलेले आहेत. पांढऱ्या-राखी मोठ्या पक्ष्यावर एक्स्पोजर कसं बसवायचं आणि उडत्या पक्ष्याबरोबर लेन्स कशी फिरवायची, हे तिथे शिकून घेतलं की सारसासमोर बटणं शोधावी लागत नाहीत.

सामान

४०० ते ६०० मिमीपर्यंत पोचणारी कुठलीही लेन्स चालते. १५०-६०० किंवा २००-६०० सारखी झूम मला जोडीसाठी प्राइमपेक्षा (झूम नसलेल्या लेन्सपेक्षा) जास्त सोयीची वाटते, कारण पंख पसरले की झटकन मागे येता येतं. ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा) असेल तरी निराश होऊ नका. पक्षी मोठा आहे, सकाळच्या उजेडात तोही चांगलं काम देतो. गाडीच्या खिडकीवर ठेवायला मूग किंवा तांदूळ भरलेली पिशवी ट्रायपॉडपेक्षा उपयोगी. कपडे मातकट रंगाचे घाला. पांढरा सदरा आणि भडक जॅकेट घरी ठेवा, पक्ष्यांना रंग चांगले दिसतात. दुर्बीण हवीच. पावसानंतर काळ्या मातीत गाडी रुतते, तेव्हा डांबरी किंवा मुरमाचा रस्ता सोडून खाली उतरवू नका.

पहाट

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचायचं असेल तर साडेपाचच्या आसपास शहर सोडायला हवं. जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या आधीच होतो, त्यामुळे निघायची वेळही तेवढी आधी. पोहे-जलेबी परतताना.

गाडी हाच सर्वांत चांगला आडोसा. शेतातल्या सारसाला गाडी आणि ट्रॅक्टर रोजचेच असतात, पण गाडीतून उतरून त्याच्या रोखाने चालत येणारा माणूस नाही. सूर्य पाठीशी येईल अशी गाडी आधीच लावून ठेवा आणि इंजिन बंद करा. चालू इंजिनची थरथर पिशवीतून लेन्सपर्यंत जाते. हीटर लावू नका. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोरच तरंगते आणि फोटो उगाच मऊ येतात. काचा पोचल्याबरोबर उघडून ठेवल्या की आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं.

इथे माळव्याच्या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लांबून फोटो काढताना खरा शत्रू अंतर नसून तापलेली हवा आहे. नांगरलेली काळी माती ऊन फार लवकर पिते. हिवाळ्यातसुद्धा उघड्या काळ्या शेतावरून १०० मीटरवर बघितलं तर नऊच्या सुमारास पक्ष्याच्या कडा थरथरताना दिसतात. मग लेन्स कितीही महाग असो, फोकस कितीही अचूक असो, पीस सुटं दिसणार नाही. उभ्या ओल्या गव्हावरून किंवा पाण्यावरून बघत असाल तर आणखी थोडा वेळ मिळतो. म्हणून गाडी अशी लावा की तुमच्या आणि जोडीच्या मध्ये हिरवं शेत किंवा पाणी येईल, उघडी माती येणार नाही. व्ह्यूफाइंडर पूर्ण मोठा करून सारसाच्या पायांकडे बघा. पाय वाकडेतिकडे हलताना दिसले की त्या सकाळचे बारकाव्याचे फोटो संपले. मग जोडी छोटी आणि शिवार मोठं अशी फ्रेम करा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा.

सारस काय सांगतात

निवांत जोडी कशी दिसते ते आधी डोळ्यांत भरून घ्या. दोघं चार-पाच पावलांच्या अंतराने एकाच दिशेने चरत जातात. एकाची मान खाली असते तेव्हा दुसरा अधूनमधून डोकं वर करून चौफेर बघतो आणि पुन्हा खाली घालतो. ओल्या जागी सारस चोच डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो, मान थोडी फिरवतो, कंद ओढून काढतो, मग तो पाण्यात दोन-तीनदा हिसळून गिळतो. चोचीच्या मुळापर्यंत काळा चिखल, वर लाल डोकं, त्यात नारिंगी डोळा. लांबूनही हे दिसतं, आणि असा मग्न सारस तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता बिघडलेलं वागणं. दोघांच्याही माना एकाच वेळी ताठ झाल्या आणि तशाच राहिल्या, हा पहिला इशारा. इथे हालचाल पूर्ण थांबवा. मिनिट-दोन मिनिटांत एकाने मान खाली घातली तर ठीक. दुसरा इशारा: चरणं सोडून तुमच्यापासून तिरकं दूर चालणं. तेव्हा तुम्ही जास्त जवळ आहात. गाडी हळू मागे घ्या. तिसरा: माना पुढे झुकवणं, पावलं भराभर पडणं, एखादी तुटक हाक. एवढ्यावर जोडी उडते, आणि थंड सकाळी भरल्या पोटाशिवाय उडायला लावणं म्हणजे तिची चरण्याची सर्वांत चांगली वेळ वाया घालवणं.

चालत जायचंच असेल तर सरळ पक्ष्यांच्या रोखाने जाऊ नका. बांध धरून आडव्या दिशेने चाला, थांबा, खाली बसा. दोघांच्या माना वर गेल्या की ती तुमची शेवटची जागा. जोडी आपणहून चरत तुमच्याकडे आली तर ते तिचं ठरवणं. असं खूपदा होतं, आणि तेच फोटो सर्वांत सुंदर निघतात.

रेकॉर्ड केलेली हाक वाजवू नका. सारस ती परक्या जोडीची घुसखोरी समजतात आणि इलाका राखायला धावतात. ड्रोन तर अजिबात नको.

सेटिंग

उभ्या किंवा चरणाऱ्या जोडीसाठी शटर १/८०० ते १/१०००, नाच आणि उड्डाणासाठी १/२०००. अपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, किंवा त्याहून एक पायरी बंद. आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर. सूर्योदयाच्या सुमारास तो ३२०० वर गेला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

एक्स्पोजरला मात्र वेळ द्या. फिकट राखी पक्षी काळ्या मातीवर किंवा गडद हिरव्या गव्हावर उभा असेल तर कॅमेरा फ्रेम उजळ करायला जातो आणि मानेखालची पांढरट पिसं जळतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.३ ते उणे ०.७ द्या. दाट धुक्यात उलटं: कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो, तेव्हा अधिक ०.७ किंवा १. सर्वांत नाजूक गोष्ट डोक्याचा लाल. कोवळ्या पिवळ्या उन्हात फक्त लाल रंग आधी मर्यादा ओलांडतो आणि साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ते दाखवत नाही. तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि लाल पट्टा उजवीकडे भिंतीला टेकला की एक्स्पोजर कमी करा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. विणीच्या दिवसांत हा लाल आणखी भडक होतो.

ऑटोफोकसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर वापरा, पण उभ्या गव्हात पुढची पाती फोकस ओढून घेतात. तिथे एकच लहान चौकट निवडून मान जिथे धडाला मिळते तिथे धरा. दोघांपैकी जवळच्या पक्ष्यावर फोकस करा. लांबच्याला खोली पुरते.

जोडीची फ्रेम

नर आणि मादी रंगाने सारखे. नर थोडा मोठा असतो, पण तो फरक दोघं शेजारी, सारख्या जमिनीवर असतील तेव्हाच कळतो. म्हणून फोटोत जोडी दिसते ती दोघांमधल्या जागेने. माना एकमेकींवर चढल्या की एका धडाला दोन डोकी असल्यासारखं काहीतरी तयार होतं. दोन डोक्यांमध्ये स्वच्छ पार्श्वभूमी दिसेपर्यंत बोट बटणावर नुसतं ठेवा. एक चरतोय, एक बघतोय ही रोजची फ्रेम. ती आधी काढून घ्या आणि मग दोघं वर, दोघं खाली, किंवा दोघं विरुद्ध दिशांना बघताहेत अशा क्षणाची वाट बघा.

पाय कापू नका. सारसाचं अर्धं सौंदर्य त्या लांब गुलाबी-लाल पायांत आहे. पाण्यात उभा असेल तर प्रतिबिंबाला पूर्ण जागा द्या, त्यासाठी कॅमेरा उभा धरा. खूप खाली बसून काढलेला फोटो पाण्याच्या काठी सुरेख येतो, पण गव्हात पिकाआड पाय जातात. तिथे गाडीच्या खिडकीची उंची बरोबर. क्षितिजाची किंवा लांबच्या झाडांची रेघ मानेतून आरपार जाणार नाही एवढं बघा. दोन-तीन इंच वर-खाली झाल्यानेही ती सरकते.

एक-दोन फ्रेम कमी झूमवर नक्की काढा: मागे बाभळी, पाणी सोडणारा शेतकरी, मोट नसली तरी मोटरची झोपडी. सारस जंगलात नाही, माणसांच्या शेतात राहतो, हे सांगणारे फोटो फार कमी निघतात.

तिसरा मोठा पक्षी सोबत दिसला तर त्याच्या डोक्याचा रंग बघा. बहुतेक वेळा ते गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू असतं. क्वचित तीन प्रौढ सारस कायम एकत्र राहतात, पक्षी-संशोधक के. एस. गोपी सुंदर यांनी अशा त्रिकुटांचा अभ्यास केला आहे. तसं काही दिसलं तर फोटोबरोबर तारीख लिहून ठेवा.

जोडीची हाक आणि नाच

यासाठीच लोक येतात, आणि यासाठीच तयारी लागते. पहाटे, बऱ्याचदा उजेड पुरेसा होण्याआधीच, जोडी एकत्र हाक देते. दूरवरून दुसरी जोडी उत्तर देते आणि सगळं शिवार घुमतं. हाकेआधी दोघं जवळ येतात, अंग ताठ करतात, मग माना वर फेकतात आणि चोची आकाशाकडे जातात. या वेळी नर पंख पाठीवर उंच उचलतो आणि मादी पंख मिटलेलेच ठेवते. नराच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन आखूड हाका, असा ताल चालतो. रंगरूप सारखं असूनही नर कोणता आणि मादी कोणती हे फोटोत दाखवायचं असेल, तर संधी हीच.

तयारी अशी: दोघं एकमेकांकडे सरकू लागले की झूम तीसेक टक्के मागे घ्या. वर एका मानेइतकी जागा मोकळी सोडा. शटर १/१००० खाली जाऊ देऊ नका आणि सलग बटण दाबून ठेवण्यापेक्षा तालावर छोटे छोटे बर्स्ट (झटपट ओळीने काही फोटो) घ्या, हाक काही सेकंद चालते. सूर्य समोर असलेल्या थंड पहाटे चोचीतून निघणारी वाफ दिसते. त्यासाठी मागे गडद झाडं हवीत, आणि एक्स्पोजर उणे एकपर्यंत उतरवा.

नाच कधीही होऊ शकतो, पण पावसाच्या सुरुवातीला जास्त. एखादा सारस काडी किंवा ढेकूळ उचलून हवेत फेकतो, मान लववतो, अर्धे पंख उघडतो. लगेच १/२००० वर जा. पुढच्या काही क्षणांत तो उडी मारेल आणि बहुधा दुसराही साथ देईल. उडीचा सर्वांत वरचा क्षण एकच असतो, त्यामुळे इथे मात्र बटण दाबूनच ठेवा.

उड्डाण

जड पक्षी आहे, तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पळत पळत उचलतो. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर जोडी तुमच्या दिशेने झेपावते. थांबायची जागा ठरवताना सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी मिळाले तर सोन्याहून पिवळं. पहिली धाव सुरू झाली की मागच्या नाही, पुढच्या पक्ष्याबरोबर लेन्स फिरवा आणि समोर जागा ठेवा. पंख खाली असताना पंखांच्या टोकांची काळी पिसं उठून दिसतात. उडण्याची वाट बघायची, उडवायचं नाही. टाळी, हॉर्न, दगड हे प्रकार सोबतचा कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. सारस कमी उंचीवरून उडतात आणि घाबरून उडालेली जोडी विजेच्या तारांवर आदळते. सारसांच्या मृत्यूंचं हे एक मोठं कारण आहे.

पावसाळा आणि घरटं

जुलै ते ऑक्टोबर या काळात उथळ पाण्यात लव्हाळं आणि गवत रचून सारस मोठा ढीग करतात आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतात. साधारण महिनाभर नर आणि मादी आळीपाळीने उबवतात. जहांगीर बादशहाने आपल्या पाळीव सारस जोडीची ही पाळी बारकाईने बघून नोंदवून ठेवली होती. जोडीची नावं त्याने लैला आणि मजनू ठेवली होती.

पाण्यातल्या ढिगाऱ्यावर सारस बसलेला दिसला तर त्या दिवशी तिथे फोटो काढायचा नाही. तुम्ही रेंगाळलात की बसलेला पक्षी मान खाली घालून चोरपावलाने बाजूला होतो, तो तुम्हाला जागा देतोय असं वाटतं. त्याच वेळी कावळे बघत असतात. गावातली कुत्री तुमच्या मागोमाग आलेली असतात, आणि उघड्या अंड्यांवर ऊन किंवा पाऊस पडत असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं येतं. तेव्हा ‘मी फक्त फोटो काढत होतो’ हे उत्तर पुरत नाही.

पावसाळ्यात फोटो हवेच असतील तर रस्त्यावरून, गाडीतून, घरट्यापासून दूर चरणाऱ्या पक्ष्याचे काढा. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर लवकरच आई-बापांमागे चालू लागतात, पण उडायला त्यांना तीनेक महिने लागतात. तोवर धोका दिसला की ती गवतात दबून बसतात, त्यामुळे चालत जाण्याचा विचारही नको.

घरी आल्यावर

लाल रंगाची तीव्रता वाढवायचा मोह टाळा, उलट थोडी कमीच करा, म्हणजे डोक्यावरचा खरखरीतपणा दिसू लागतो. राखी पिसांत निळसर छटा आली असेल तर व्हाइट बॅलन्स जरा उबदार करा. आकाशातली विजेची तार खोडू नका. ती त्या जागेचं सत्य आहे.

फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस नोंद काढा. जागेचं नाव ‘इंदूर जिल्हा’ एवढंच लिहा. गावाचं नाव, मैलाचा दगड, ओळखता येणारं देऊळ फ्रेममध्ये असेल तर तो फोटो स्वतःपुरता ठेवा. एका चांगल्या फोटोनंतर पुढच्या रविवारी त्याच बांधावर दहा गाड्या उभ्या राहतात, आणि जोडी ती जागा सोडते.

आणि ज्याच्या शेतात काढला त्याला एक मोठा प्रिंट नेऊन द्या, लॅमिनेट करून, कारण घरात धूर आणि धूळ असते. शक्यतो मे महिन्यात द्या. जूनमध्ये सोयाबीनची पेरणी सुरू होते, आणि शेताच्या ओल्या कोपऱ्यात पुढे घरटं झालं तर तो कोपरा सोडायचा की नाही, कुत्री हाकलायची की नाही, हे त्यालाच ठरवायचं असतं. त्या वेळी जोडी त्याच्या भिंतीवर असेल तर बरं.